मुठीचा तांदूळ

माझ्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर थोरलीने मला तिचं चित्र दाखवलं. चष्मा लावलेली आजी, आजीच्या हातात डबा आणि डब्यासमोर माणसांची लांबच लांब रांग. तुमच्या तिकडच्या संडे स्कूलमध्ये विश्वास आणि गरजूंना मदत असा धडा होता आणि तिने आपल्या नागपूरच्या चर्चमधल्या मुठीच्या तांदळाची गोष्ट सांगितली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, टीचरने चित्र भिंतीवर लावलं. धाकटा मध्येच तोंड घालून म्हणाला, "आजी, तू फेमस झालीस!" मी हसले आणि फोन ठेवला.

आज गुरुवार आहे. चार दिवस मला एका जागी बसवत नाही. कपाट दोनदा आवरून झालं, बिलांची फाईल पुन्हा लावून झाली. ती गोष्ट तुम्हाला मीच सांगितली होती. ती खरी आहे, पण अर्धी आहे. राहिलेली अर्धी मी तुमच्या आईलाही कधी सांगितली नाही. आता भिंतीवर माझं चित्र लागलंय म्हटल्यावर ती सांगायला हवी. तुमची आई वाचून दाखवेल. एखादा शब्द अडला तर तिला विचारा, पण वाचताना तिला गाळू देऊ नका.

आधी मूठ म्हणजे काय ते नीट सांगते. माझी आई भातासाठी तांदूळ मोजून घ्यायची आणि धुण्याआधी त्यातली एक मूठ काढून एका पत्र्याच्या डब्यात टाकायची. टाकताना डोळे मिटून दोन शब्द प्रार्थना. रोज, प्रत्येक भाताला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या घरांचे डबे चर्चमध्ये यायचे, एका पोत्यात रिकामे व्हायचे आणि ज्यांच्या घरी नाही त्यांच्याकडे तो तांदूळ जायचा. संडे स्कूलमध्ये आम्हाला त्या विधवेची गोष्ट शिकवत, जिच्याकडे शेवटचं मूठभर पीठ होतं आणि तिने त्यातूनच पाहुण्या संदेष्ट्याला भाकर करून दिली. मला तेव्हा ते पीठ पुढे संपलंच नाही याचं नवल वाटायचं. आई म्हणायची, "संपलं नाही ते देवाचं काम. तिचं काम एवढंच की तिने आपल्यातलं दिलं. मूठ काढली की आपला भात तेवढा कमी दिसला पाहिजे."

कधी कधी तो खरंच कमी दिसायचा. आम्ही पाच भावंडं होतो.

मी मोठी झाले, इंग्रजी शाळेत शिकले आणि एका शाळेच्या ऑफिसात नोकरी केली. तिथे एकही कागद माझ्याशिवाय हलत नसे. निवृत्त झाल्यावर चर्चच्या महिला मंडळाने मुठीच्या तांदळाचं काम माझ्याकडे दिलं आणि मी ते ऑफिससारखं लावलं. तांदूळ घेणाऱ्या सोळा घरांची यादी केली. प्रत्येक घराला एक कार्ड आणि एक कापडी पिशवी दिली. हिरवी किनार लावून पिशव्या आम्हीच शिवल्या होत्या. शनिवारी चार वाजता चर्चच्या मागच्या हॉलमध्ये रांग, आधी प्रार्थना, मग वाटप. सलग तीन शनिवार कोणी आलं नाही तर नाव कमी. घेणाऱ्याला धर्म विचारायचा नाही, हेही ठरलेलं होतं. पाळकसाहेब पाहुण्यांना मुद्दाम माझी यादी दाखवायचे. तुमचे आजोबा म्हणायचे, "अगं, स्वर्गाच्या दारावर तुलाच बसवणार बघ. कार्ड नाही? मागे व्हा."

त्या सोळा घरांत वाडीचं एक घर होतं. वाडी नागपूरला लागूनच, ट्रान्सपोर्टच्या गोदामांची. तिथे एक माणूस ट्रक भरायचं काम करायचा. माल भरून झाल्यावर ताडपत्री आवळताना दोर तुटला आणि त्याचा लोखंडी आकडा त्याच्या तोंडावर बसला. जबडा मोडला. दवाखान्यात आमच्या चर्चची एक नर्स होती, तिने त्याच्या बायकोला आमच्याकडे पाठवलं. ही बायको खापा गावाकडची, पस्तिशीची असेल. कपाळावर टिकली, गळ्यात काळी पोत. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसारखे डोळे मिटायची. सगळ्यात आधी यायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची.

चौथ्या की पाचव्या शनिवारी पिशवी हातात घेतल्यावर ती जागची हलली नाही. हळूच म्हणाली, "बाई, एकाच घरचा तांदूळ नाही भेटणार का?"

मागे रांग खोळंबली होती. मी म्हटलं, "हा सगळ्या घरांचा मिळून तांदूळ आहे. त्यातच तर आशीर्वाद आहे."

मला माझं उत्तर फार आवडलं. घरी येऊन मी ते आजोबांना सांगितलंसुद्धा.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मंडळाच्या सेक्रेटरीबाई धापा टाकत घरी आल्या. त्या इतवारीच्या बाजारात लग्नाची भांडी घ्यायला गेल्या होत्या. धान्याच्या गल्लीतून जाताना त्यांना आपली हिरव्या किनारीची पिशवी दिसली.

"ताई, तीच होती! वाडीवाली. दुकानदाराच्या तराजूत आपला तांदूळ ओतून राहिली होती. आणि तो काय करणार त्याचं, माहीत आहे? मी विचारलं ना त्याला. कबुतरांचा दाणा म्हणून विकतो म्हणे! आपण इथे प्रार्थना करकरून मूठ काढायची आणि खाणार कोण, तर इतवारीची कबुतरं!"

मला राग आला. खरं सांगायचं तर रागापेक्षा अपमान वाटला. त्या शनिवारी ती आली तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर काही बोलले नाही. मला वाटलं, हा माझा चांगुलपणा. बाजूला घेऊन एवढंच म्हटलं, "तुमचं नाव यादीतून काढलंय. ज्याला खायला हवं त्याच्यासाठी हा तांदूळ आहे." तिने माझ्याकडे पाहिलं, पिशवीची घडी केली, काखेत घातली आणि गेली. मी रेघ मारली. पट्टीने मारली, मला हाताने मारलेली रेघ चालत नाही.

ती भांडली असती तर मी विसरले असते. तिच्या जागी दुसरं घर आलं, यादी पुन्हा सोळा झाली. पण दर शनिवारी चार वाजले की माझे डोळे त्या भिंतीकडे जायचे. उपासनेत उपदेश सुरू झाला की मला काहीतरी विसरल्यासारखं व्हायचं. मी पर्स उघडायची, बंद करायची. घरी गॅस बंद केलाय ना, असं वाटून एकदा प्रभुभोजनाच्या आधीच उठून आले. गॅस बंद होता. मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि परत जायची लाज वाटली म्हणून तिथेच उभी राहिले.

आजोबा म्हणाले, "काय शोधतेस?"

"काही नाही."

"मग सापडेपर्यंत बस तरी."

असे सात शनिवार गेले. आठव्या आठवड्यात एका सकाळी मी कार्डावरचा पत्ता घेऊन ऑटोने वाडीला गेले. का गेले, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आजोबांना सांगितलं, बँकेत जाते.

अमरावती रोडवर ट्रकच ट्रक उभे होते. गोदामांच्या मागे एका ओळीत भाड्याच्या खोल्या होत्या. ती दारात बसून पोतं शिवत होती. दाभण पोत्यात तसंच ठेवून तिने वर पाहिलं.

"काहून आल्या बाई?"

"सहज. तुमच्या मालकांची तब्येत बघायला."

"बघा मग. तिथं आहेत." आत खाटेवर तिचा नवरा उठून बसला. गालावर दोरासारखा व्रण, शर्ट दोन माणसांचा असावा असा अंगावर लोंबत होता. जबड्याची तार निघाली होती, पण अजून तीन महिने मऊच खायचं, चावायचं काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे मला कार्डावर लिहून घेता आलं असतं. माझ्या कार्डावर नाव, पत्ता, घरातली माणसं एवढ्याच ओळी होत्या.

मी बसले आणि सरळ विचारलं. फिरवून बोलायला मला येत नाही. "तुम्ही आमचा तांदूळ इतवारीत दिला का?"

"दिला." ती जराही बिचकली नाही. "दोन किलो देऊन एक किलो चिन्नोर तांदूळ आणत होती. याइले मऊ भात लागते."

"तोच तांदूळ जास्त शिजवायचा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी कधी शिजवला का तो?"

बाहेर कोणी ट्रक मागे घेत होतं, त्याचा आवाज थांबल्यावर ती उठली.

"मागच्या खेपेचा थोडा आहे. थांबा. जेवूनच जा आता."

मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. तांदूळ धुऊन तिने गॅसवर चढवला आणि मी त्या भांड्याकडे बघत बसले. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर काही तांदळाचा चिखल झाला होता आणि काही दाणे तसेच वर दिसत होते. नवा तांदूळ, जुना तांदूळ, उसना म्हणजे उकडा तांदूळ, रेशनचा तांदूळ, मूठ देणाऱ्या चाळीस घरांचा. तिने आणखी पाणी घातलं. आणखी वीस मिनिटं. "सिलेंडर पहा कसा जाते," ती म्हणाली. मग ताट वाढलं, वर डाळीचं पाणी.

पहिला घास तोंडात पिठासारखा पसरला आणि त्याच घासात दाताखाली कचकन आवाज झाला. माझे दात चांगले आहेत. तरी मी थांबले.

"कसा झाला?" तिने विचारलं.

"मीठ बरोबर आहे," मी म्हटलं.

नवरा हसला आणि लगेच हाताने जबडा धरला. "हसवू नका बाई. दुखते."

ती मात्र हसली नाही. म्हणाली, "मी विचारलं होतं ना तुमाले? तुमी म्हणे, आशीर्वाद आहे. आता आशीर्वाद शिजत नाही त्याले मी काय करू?"

मी ताट संपवलं. संपवायला बराच वेळ लागला. आता आत एक निराळीच बेचैनी सुरू झाली होती, कारण तो उसना तांदूळ मी ओळखला होता. आमच्या घरी उसना कोणी खात नाही. तो मी डब्यासाठी वेगळा आणत असे. रोज मूठ काढायची आठवण राहत नाही म्हणून महिन्याच्या शेवटी दुकानातला सगळ्यात स्वस्त तांदूळ आणायचा आणि एकदम डब्यात ओतायचा. डबा काठोकाठ भरायचा. रविवारी माझा डबा सगळ्यांत भरलेला असायचा, आणि माझ्या भातातला एक दाणा कमी झालेला नसायचा.

"नाव परत लिहायले आल्या का?" तिने विचारलं.

"मी... आधी बघावं म्हटलं."

"काय पाहायले आल्या?"

इतकी वर्षं मी लोकांना प्रश्न विचारले, कागदावर उत्तरं लिहून घेतली. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

शेवटी मी म्हटलं, "शनिवारी मी तांदूळ आणते. एकाच घरचा. आमच्या घरचा."

"रांगेत नका बोलवू."

"नाही. इथे आणते."

"अन् प्रार्थना घरून करून या," ती म्हणाली, आणि दाभण उचललं.

चर्चच्या हॉलची किल्ली माझ्या पर्समध्येच असायची. परत येताना मी ऑटो तिकडे वळवला आणि पोत्यातला दोन वाट्या तांदूळ रुमालात बांधून घरी आणला. पहिल्या रविवारी तो पहाटेच शिजवला. भातात मीठ घातलं, वर तूपसुद्धा सोडलं. तो डबा घेऊन महिला मंडळाच्या बैठकीला गेले आणि कोणाला काही न सांगता प्रत्येकीच्या वाटीत एक-एक चमचा वाढला.

सेक्रेटरीबाईंनी पहिला घास खाल्ला आणि इकडेतिकडे बघितलं. "कोणी केला गं हा?"

"मी."

"ताई! तुम्हाला भात येत नाही?" सगळ्या हसल्या. "एवढी इंग्लिश शिकून काय केलं म्हणायचं!"

"हा आपला आहे," मी म्हटलं. "मुठीचा."

हसणं एकदम थांबलं नाही, थोडं थोडं थांबत गेलं. मी वाडीचं सगळं सांगितलं. नाव मी कापलं आणि चुकीने कापलं, हे सांगताना माझा आवाज ऑफिसातल्यासारखा निघाला. मला दुसरा आवाज येत नाही. सेक्रेटरीबाई तडकल्या, "मग आता काय, ज्याच्या त्याच्या पसंतीचा तांदूळ द्यायचा? हॉटेल काढलं का आपण?"

तेव्हा आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई, जी एरवी बैठकीत पेंगायची, ती म्हणाली, "त्यातला रेशनचा माझा आहे. घरात कोणी खात नाही, म्हणून मी डब्यात टाकते."

"उसना माझा," मी म्हटलं.

नंतर एक-एक जण सांगू लागली. किडे लागलेला चाळून टाकला. सासरहून आलेला जाडा. पाहुणे गेल्यावर उरलेला. वाईट मनाने कोणीच केलं नव्हतं. फक्त मूठ आपल्या भातातून निघत होती की अडगळीतून, हे कोणी पाहिलं नव्हतं, आणि ज्या बाईने पाहायचं ती मी होते.

त्या दिवशी दोन गोष्टी ठरल्या. पोती तीन करायची, मऊ होणारा वेगळा, मोकळा वेगळा, उसना वेगळा, आणि ज्याला जो लागेल तो द्यायचा. दुसरी म्हणजे, पहिल्या रविवारी प्रत्येक पोत्यातलं थोडं चर्चच्या मागे शिजवायचं आणि वाटपाच्या आधी आपण खायचं. सेक्रेटरीबाई शेवटपर्यंत कुरकुरल्या आणि मोठं पातेलं मात्र त्यांनीच दिलं.

त्यानंतर मी दर शनिवारी वाडीला जाऊ लागले. रोज भातासाठी चिन्नोर घेतला की त्यातल्या दोन मुठी काढायच्या, एक मंडळाची, एक त्यांची. आमचा भात खरंच कमी दिसू लागला. आजोबा पातेल्यात डोकावून म्हणायचे, "मी डाएटवर आहे का?" आणि मग पोळी मागायचे. तिकडे वाडीला तो माणूस हळूहळू भरत होता. आधी पेज, मग भात, मग एकदा मी गेले तेव्हा तो भाकरीचा पापुद्रा दुधात कुस्करून खात होता आणि त्याने मला तो उचलून दाखवला, मुलगा प्रगतिपुस्तक दाखवतो तसा. ती माझ्याशी फार बोलायची नाही. एकदा फक्त म्हणाली, "तुमच्या हातचा भात येते वं आता मऊ?" मी म्हटलं, येतो. मी खोटं बोलले नाही. मी रोज करून बघत होते.

मग एका शनिवारी खोलीला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, ते दोघं खाप्याला गेले, तिच्या माहेरी, तिकडे त्याला बसून करायचं काही काम मिळणार होतं. जाताना तिने माझ्यासाठी पिशवी ठेवली होती. हिरव्या किनारीची, धुऊन, घडी घालून. मी ती तिथेच उलगडून आत हात घातला. काही नव्हतं. चिठ्ठी असेल असं मला का वाटलं, कोण जाणे.

त्याचा जबडा पुरता बरा झाला का, त्याला काम मिळालं का, ती माझ्यावर अजून रागावलेली आहे का, मला माहीत नाही. खाप्याची बस सरळ जाते. मी दोनदा स्टँडवर गेले. दोन्ही वेळा बस लागली होती आणि मी चढले नाही. काय पाहायले आल्या, असं तिने पुन्हा विचारलं तर अजूनही माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. शिजलेल्या भाताचं समाधान तिला दाखवायला गेले असते, तर तेही माझ्यासाठीच झालं असतं, तिच्यासाठी नाही. पण न जाऊनही चैन पडत नाही. विश्वास म्हणजे मनाला शांती, असं मला लहानपणी शिकवलं होतं. मला तो असा कधी मिळाला नाही. मला तो जागचा उठवतो, पर्स घ्यायला लावतो.

थोरले, तुझं चित्र भिंतीवरून काढू नकोस. एवढंच कर की पुढच्या वेळी रांग काढू नकोस. रांग आता नाही. आम्ही घरोघरी जातो, आणि मी दारात आधी विचारते की भात कसा झाला होता.

आजोबा गेले. मंडळातल्या काही जणी मुलांकडे पुण्याला, परदेशात गेल्या. सेक्रेटरीबाईंचे गुडघे गेलेत. चाळीस घरांची आता अकरा घरं राहिली आहेत आणि सोळांऐवजी आम्ही पाच घरांना देतो. ट्रंकेत ती हिरव्या किनारीची पिशवी आहे. ओट्यावर आईचा पत्र्याचा डबा आहे, एका बाजूने गंजलेला. आज सकाळी भाताला तांदूळ घेतला, धुण्याआधी त्यातली एक मूठ काढून त्यात टाकली. पहिल्या रविवारी चर्चच्या मागे भात अजून शिजतो, आणि आधी आम्ही खातो.